सळई झाकली जाण्याआधी

स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी बांधकामावर थोडा वेळ शांतता असते. सेंटरिंगच्या प्लेटा ठोकून झालेल्या असतात, त्यावर सळयांची जाळी बांधलेली असते आणि सळई काँक्रीटच्या आत राहावी म्हणून जाळीखाली कव्हर ब्लॉक सरकवलेले असतात. त्या वेळी शिडी चढून वर गेलं, तर इमारतीचा सांगाडा उघडा दिसतो. कुठली सळई किती जाडीची आहे, दोन सळयांत अंतर किती आहे, बीमच्या सळया कॉलममध्ये पुरेशा आत गेल्या आहेत की नाहीत, हे सगळं टेप लावून मोजता येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मिक्सर सुरू होतो आणि संध्याकाळपर्यंत सगळं काँक्रीटखाली जातं. पुढची पन्नास वर्षं त्यावर माणसं राहतात, पण आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही.

बांधकामाच्या नियमांबद्दल आपल्याकडे बोलणं होतं ते बहुतेक वेळा इमारत पडल्यावर. कुणाला अटक झाली, कुठला अधिकारी निलंबित झाला, चौकशी समिती नेमली का, याची चर्चा होते. पण हे नियम पाळले जातात की नाही, हे पाहण्याच्या वेळा फार थोड्या असतात आणि त्या सगळ्या इमारत उभी राहत असतानाच्या असतात. त्या वेळी पाहिलं नाही, तर नंतर हातात राहतात ते फक्त कागद.

४ एप्रिल २०१३ ला ठाण्याजवळ शीळ-डायघर भागातल्या लकी कंपाउंडमध्ये एक इमारत कोसळली. ७४ माणसं गेली आणि त्यांत लहान मुलं बरीच होती. इमारत वनजमिनीवर, परवानगीशिवाय उभी राहिलेली होती. सात मजले काही आठवड्यांत चढले होते, वरचं काम चालू असतानाच खालच्या मजल्यांवर कुटुंबं राहायला आली होती. काँक्रीटला आपली ताकद धरायला वेळ लागतो. म्हणून तर त्याची परीक्षा २८ दिवसांनी घेतात. इथे खालचा मजला नीट पिकायच्या आत वरचे मजले त्याच्या डोक्यावर चढत होते. सात मजल्यांची इमारत काही कुणाच्या नजरेआड उभी राहत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला ती दिसत होती. ज्यांनी पाहायचं, मोजायचं आणि थांबवायचं, त्यांनी ते वेळेत केलं नाही.

मग हे पाहायचं काम कुणाचं? त्यासाठी आधी नियम कुठून येतात ते समजून घेऊ.

भारतीय मानक ब्युरो, म्हणजे आयएसआयचा शिक्का देणारी संस्था, बांधकामाची मानकं तयार करते. साध्या आणि लोखंडी सळईच्या काँक्रीटसाठी आयएस ४५६, भूकंपाचा भार किती धरायचा हे सांगणारं आयएस १८९३, भूकंपात इमारत कोसळू नये म्हणून सळया कशा बांधायच्या हे सांगणारं आयएस १३९२०. या सगळ्यांना एकत्र बांधणारी राष्ट्रीय इमारत संहिता १९७० साली पहिल्यांदा आली आणि १९८३, २००५ व २०१६ साली सुधारली गेली. पण ही संहिता मुळात शिफारस आहे. जमीन आणि स्थानिक स्वराज्य हे राज्यघटनेनं राज्यांच्या सूचीत ठेवलेले विषय आहेत. त्यामुळे राज्य आपल्या नियमावलीत जेवढं घेईल, तेवढंच बंधनकारक ठरतं.

महाराष्ट्रात याचा पाया आहे १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, ज्याला सरकारी कचेऱ्यांत सगळे ‘एमआरटीपी’ म्हणतात. त्याच्याखाली विकास नियंत्रण नियमावली येते. पूर्वी प्रत्येक शहराची नियमावली वेगळी असे. २०२० च्या डिसेंबरात राज्यानं बृहन्मुंबई आणि काही ठरावीक क्षेत्रं सोडून सगळीकडे एकच ‘एकीकृत नियमावली’ लागू केली. मुंबईची स्वतःची नियमावली २०१८ पासून आहे. नियम राज्याचे, अंमल महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा, अशी ही वाटणी. नगररचना विभागातले अनेक अधिकारी राज्याच्या सेवेतून पालिकेत येतात, परवानगी नाकारली तर अपील राज्य शासनाकडे जातं आणि पालिकेला आदेश देण्याचा अधिकारही शासनाकडे आहे. म्हणजे पालिकेच्या पाठीमागे राज्य उभं आहे, निदान कायद्यात तरी.

आता एक इमारत या यंत्रणेतून कशी जाते ते पाहू.

मालक वास्तुविशारदाकडून नकाशे करून घेतो आणि पालिकेकडे अर्ज करतो. पालिका जागेची मालकी, रस्त्याची रुंदी, चटई क्षेत्र निर्देशांक, चारी बाजूंची सामासिक अंतरं, उंची आणि पार्किंग तपासते. सगळं बसलं की बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मिळतं. पालिकेनं ६० दिवसांत काहीच कळवलं नाही, तर नियमांत बसणाऱ्या अर्जाला परवानगी मिळाली असं कायदा मानतो. हे प्रमाणपत्र एक वर्ष चालतं, मुदतवाढ घेत गेलं तर जास्तीत जास्त चार वर्षं. मग पाया आणि जोतं. जोत्यापर्यंत काम आलं की परवानाधारक अभियंता किंवा वास्तुविशारद तसं कळवतो आणि काम मंजूर नकाशाप्रमाणेच झाल्याचा दाखला देतो. ही जोते तपासणी फार मोलाची, कारण इमारत आपल्या जागेवरून सरकली असेल किंवा मंजुरीपेक्षा फुगली असेल, तर ते इथेच कळतं आणि इथेच स्वस्तात दुरुस्त होतं. त्यानंतर मजले चढतात. शेवटी काम पूर्ण झाल्याचा दाखला, स्थापत्य अभियंत्याचं संरचना सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र, आवश्यक तिथे अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला, आणि या सगळ्यावर पालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र. ते हातात पडलं, की घरात राहायला जायचं.

या मालिकेत एक गोष्ट बारकाईनं पाहण्यासारखी आहे. पालिका जे मोजते, ते मुख्यतः क्षेत्रफळ आणि अंतर. किती चौरस मीटर बांधलं, शेजारच्या भिंतीपासून किती लांब ठेवलं, गॅलरी आत घेतली का. हे सगळं नकाशावर दिसतं आणि नंतरही कधीही मोजता येतं. इमारतीची ताकद मात्र नकाशावर दिसत नाही. ती पाहायचं काम परवानाधारक संरचना अभियंत्याकडे सोपवलेलं आहे. मुंबईत अतिउंच इमारतींसाठी स्वतंत्र तांत्रिक समिती आहे, पण राज्यातल्या बहुतेक तीन-चार-सात मजली इमारतींच्या बाबतीत पालिका अभियंत्याच्या सहीवर विश्वास ठेवते. त्या अभियंत्याची फी कोण देतो? ज्याचं बांधकाम आहे तोच. बहुसंख्य अभियंते आपलं काम मनापासून करतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. पण त्यांच्या ‘नाही’ला पाठबळ देणारा तिसरा डोळा साइटवर आला नाही, तर तो ‘नाही’ किती दिवस टिकणार?

याच ठिकाणी एक रिंग हातात घेऊन पाहायला हवी.

कॉलमच्या उभ्या सळयांभोवती बारीक सळईच्या चौकोनी रिंगा बांधतात. रिंग म्हणजे उभ्या सळयांना धरून ठेवणारी पकड. रिंगेची दोन टोकं जिथे मिळतात, तिथे ती वाकवून हुक करतात. आयएस १३९२० सांगतं की हे हुक १३५ अंशांत वाकवा, म्हणजे टोक कॉलमच्या आत, गाभ्याच्या काँक्रीटमध्ये घुसलं पाहिजे. साइटवर बार बेंडरला ९० अंशांत वाकवणं सोपं पडतं. रिंग पटकन होते, पटकन चढते आणि काँक्रीट भरताना टोकं आड येत नाहीत. काँक्रीट भरल्यावर दोन्ही कॉलम हुबेहूब सारखे दिसतात. फरक कळतो तो जमीन हलते तेव्हा. कॉलमचं बाहेरचं कवच फुटून पडतं, ९० अंशांचं टोक त्याच कवचात असल्यामुळे सुटं होतं, रिंग उघडते, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि मजला खाली बसतो. १३५ अंशांचं टोक गाभ्यात रुतून बसलेलं असतं, ते सोडत नाही. कॉलमला तडे जातात, पण माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो. हे ४५ अंश वाकवायला प्रत्येक रिंगेमागे काही सेकंद जास्त लागतात. ते झालं की नाही, हे बघायची वेळ काँक्रीट भरण्याआधीची, एवढीच.

काँक्रीटचंही तसंच. भरताना १५ सेंटिमीटरचे ठोकळे भरायचे, २८ दिवस पाण्यात पिकवायचे आणि प्रयोगशाळेत दाबून फोडायचे. मानकानुसार ६ ते १५ घनमीटर काँक्रीटमागे किमान दोन नमुने आणि प्रत्येक नमुन्याचे तीन ठोकळे. सळईच्या काँक्रीटसाठी किमान एम-२० प्रत, आणि खाऱ्या हवेच्या किनारी भागात एम-३०, कारण मीठ आत शिरून सळई गंजवतं. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट आतून फोडते. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही जुन्या स्लॅबखाली उभं राहून वर पाहिलं, तर पोपडे आणि तांबडे डाग सहज दिसतात. ठोकळे खरोखर त्याच काँक्रीटचे भरले होते, की चांगल्या मिश्रणाचे वेगळे भरून प्रयोगशाळेत पाठवले, हे सांगणारा माणूस भरण्याच्या वेळी तिथे हजर असावा लागतो.

भूकंप म्हटला की आपल्याला तो लांबचा वाटतो. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनानगरनं आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीनं तो समज मोडला. किल्लारीचा परिसर तेव्हाच्या नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होता. तिथे हजारो माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. २००२ साली भूकंप मानक सुधारताना पहिला विभागच काढून टाकण्यात आला. २६ जानेवारी २००१ ला भूज हादरलं, तेव्हा दोनशेहून अधिक किलोमीटर दूरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती बसल्या. त्यांतल्या अनेकींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा होता: नुसते कॉलम, मध्ये भिंत नाही. अहमदाबाद तेव्हा तिसऱ्या भूकंप विभागात होतं. मुंबईही त्याच विभागात होती, आणि अशा स्टिल्टवर, म्हणजे नुसत्या कॉलमवर, उभ्या असलेल्या इमारती आपल्या गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या कॉलममधल्या रिंगा कशा वाकवल्या आहेत, हे आज कुणाला बघता येणार आहे?

वेळेत पाहिलं नाही तर पुढे काय होतं, तेही पाहू.

विनापरवाना बांधकाम दिसलं की पालिकेचा पदनिर्देशित अधिकारी एमआरटीपीच्या कलम ५३ खाली ते काढून टाकण्याची नोटीस देतो, काम चालू असेल तर कलम ५४ खाली ते थांबवायला सांगतो. मालक उत्तर देतो, सुनावणी होते, दिवाणी न्यायालयातून स्थगिती येते. दरम्यान खोल्या विकल्या जातात. कलम ५२ खाली शिक्षा आहे: एक महिना ते तीन वर्षं कैद आणि दोन हजार ते पाच हजार रुपये दंड. ज्या इमारतीतली एकेक खोली लाखांत विकली जाते, तिथे पाच हजारांच्या दंडाला कोण घाबरणार? आणि एकदा माणसं राहायला आली, की पालिकेसमोरचा प्रश्नच बदलतो. आता काँक्रीट पाडायचं नसतं, म्हाताऱ्या आईला आणि शाळेतल्या मुलांना पावसात बाहेर काढायचं असतं. मग निवडणुका जवळ येतात आणि नियमितीकरणाचा निर्णय येतो. तुकड्यांतले भूखंड नियमित करणाऱ्या गुंठेवारी कायद्यात मूळ मुदत १ जानेवारी २००१ ची होती, २०२१ च्या दुरुस्तीनं ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आली. २०१७ साली एमआरटीपीतच कलम ५२-अ आणून ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांना शुल्क घेऊन नियमित करायची वाट उघडली. ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून घर घेतलं, त्यांना आसरा मिळावा असं मलाही वाटतं. पण शुल्क भरलं म्हणून कॉलममधली रिंग वाकत नाही. प्रत्येक नवी मुदत पुढच्या बिल्डरला हेच सांगते की आत्ता बांधून घे, कागद नंतर होतील.

ऑगस्ट २०२५ मध्ये विरारची रमाबाई अपार्टमेंट मध्यरात्री कोसळून १७ जण गेले. तीही अनधिकृत होती. डोंबिवलीत तर परवानगीचे कागदच बनावट निघाले. पालिकेच्या नावाची खोटी प्रारंभ प्रमाणपत्रं जोडून बिल्डरांनी महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नोंदणी मिळवली. ६५ इमारतींचं हे प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि पाडकामाचे आदेश झाले, तेव्हा त्यांत हप्ते भरत राहणारी कुटुंबं होती. रेरा नोंदणी आहे म्हणून निर्धास्त झालेली माणसं. एका कचेरीनं दुसऱ्या कचेरीला ‘हे पत्र तुमचंच ना?’ एवढं आधी विचारलं असतं, तर त्यांतली कित्येक घरं विकलीच गेली नसती.

इमारत उभी राहून माणसं राहायला आल्यावरही तिच्याकडे पाहत राहावं लागतं. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरची चार मजली सिद्धी साई कोसळून १७ जण गेले. तळमजल्यावर फेरबदलाचं काम चालू होतं. सप्टेंबर २०२० मध्ये भिवंडीची जिलानी इमारत पहाटे पडली. त्याआधी महिनाभरच, ऑगस्टमध्ये, महाडची तारिक गार्डन पडली होती. ती तर जुनीही नव्हती, जेमतेम दहा वर्षांच्या घरातली. ३० वर्षं पूर्ण झालेल्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण करून घेणं महापालिका कायद्यांनी मालकावर किंवा भोगवटादारावर बंधनकारक केलं आहे. धोकादायक इमारतींचे वर्गही ठरलेले आहेत: सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे न हलवता दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. दर वर्षी पावसाळ्याआधी पालिका याद्या लावतात. सी-१ च्या दारावर नोटीस चिकटते आणि आतली माणसं विचारतात, ‘जायचं कुठे?’ या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय राज्याची देखरेख पुरी होत नाही. संक्रमण शिबिरातली खोली आणि पुन्हा हक्कानं परत येण्याची लेखी हमी मिळाली, तर माणसं इमारत सोडतात. नुसत्या नोटिशीवर कुणी सोडत नाही.

काही दरवाजे आता घट्ट होत आहेत. १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं देशभरासाठी निर्देश दिले: मंजूर नकाशा बांधकामाच्या जागी लावून ठेवा, अधिकाऱ्यांनी वेळोवेळी पाहणी करून तिची नोंद ठेवावी, भोगवटा किंवा पूर्णत्वाच्या दाखल्याशिवाय ताबा, वीज, पाणी, मलनिस्सारण जोडणी देऊ नका, आणि बँकांनीही दाखला पाहूनच तारण घ्यावं. यातला ‘पाहणीची नोंद’ हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नोंद म्हटली की तिच्यावर नाव येतं, तारीख येते. अमुक दिवशी अमुक अधिकारी तिथे गेला होता आणि त्यानं काय पाहिलं, हे लिहिलेलं राहतं. प्रत्येक स्लॅबआधीचा फोटो, तारीख-वेळेसह, पालिकेच्या प्रणालीत चढवणं आजच्या मोबाइलच्या काळात मुळीच अवघड नाही. बिल्डरच्या पगारावर नसलेल्या अभियंत्याकडून, पालिकेच्या यादीतून चिठ्ठी काढून, काही स्लॅबांची अचानक तपासणी होऊ शकते. त्यासाठी राज्यानं पालिकांना माणसं द्यावी लागतील आणि ‘पाहिलं नाही’ याची किंमत अधिकाऱ्यालाही मोजावी लागेल.

घर घेणाऱ्याच्या हातातही काही आहे. सदनिकांच्या विक्रीविषयीचा १९६३ चा मोफा कायदा बिल्डरला सांगतो की पूर्णत्वाचा दाखला मिळेपर्यंत ताबा देऊ नको. त्याच वाक्यात तो घर घेणाऱ्यालाही सांगतो की तोवर ताबा घेऊ नको. रेरा कायद्यात ताब्यानंतर पाच वर्षांपर्यंत संरचनेतला दोष बिल्डरनं ३० दिवसांत स्वखर्चानं दूर करायचा आहे. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पांना रेरा नोंदणी लागत नाही, आणि दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर तर एकीकृत नियमावलीत परवान्याची वाट न पाहता, अभियंत्यानं प्रमाणित केलेला नकाशा व शुल्काची पावती यावर काम सुरू करता येतं. छोट्या माणसाची हेलपाट्यांतून सुटका झाली, हे चांगलंच. पण तिथे आता अभियंत्याची सही हा जवळजवळ एकच दरवाजा उरला आहे.

म्हणून फ्लॅट बघायला जाल तेव्हा नमुना सदनिकेतल्या टाइल्स बघून झाल्या, की जिथे काम चालू आहे त्या मजल्यावर नेण्याचा आग्रह धरा. स्लॅब भरायचा असेल तर आदल्या दिवशी जा. सोबत ओळखीचा एखादा अभियंता न्या, त्याला एका तासाची फी द्या. रिंगेची टोकं आत वळली आहेत का, कव्हर ब्लॉक आहेत का, ठोकळे कोण भरतं आणि कुठे पाठवतं, हे त्याला तपासायला सांगा. पालिकेचा अधिकारी इथे शेवटचा कधी आला होता आणि त्यानं काय लिहून ठेवलं, हेही साइटवर विचारा. उत्तर मिळालं नाही, तर तेही एक उत्तरच आहे. आणि हे सगळं विचारून, सळया डोळ्यांनी पाहून खाली उतरा, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी मिक्सर सुरू होणार आहे.